पंखांवरचा आळ

१९५९ सालची कॅडिलॅक ‘सेदान द व्हिल’ बघायची तर मागून बघावी. पुढचं तोंड रुंद आणि झगमगीत आहेच, पण घडवणाऱ्यांनी जीव ओतला आहे तो मागच्या अंगात. दारांच्या खांद्यावरून निघालेली पत्र्याची कड बराच वेळ जवळजवळ आडवी धावते, मागचं दार ओलांडलं की चढू लागते आणि जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर टोकदार होऊन एकदम संपते. या पंखाच्या पोटाशी, क्रोमच्या कोंदणात बसवलेले, गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे. खाली बंपरच्या वर पुढच्या जाळीतलीच नक्षी पुन्हा मांडलेली, म्हणजे समोरून निघून जाणाऱ्या गाडीलाही एक चेहरा आहे. चार खिडक्यांच्या नमुन्यात छप्पर अगदी सपाट आणि मागची काच दोन्ही बाजूंना वळवून नेलेली. पावणेएकोणीस फूट लांब, दोन टनांहून जड, आठ सिलिंडरचं ६.४ लिटरचं इंजिन, किंमत सुमारे ५,५०० डॉलर. तेव्हापासून आजवर ही गाडी अमेरिकेच्या उधळेपणाचा पुरावा म्हणून दाखवली जाते, आणि बोट रोखलं जातं ते नेमकं या पंखांकडे. मला हा आळ अन्यायाचा वाटतो. उधळेपणा होता, भरपूर होता. पण तो पंखांत नव्हता.

हे पंख एका रात्रीत फुटले नाहीत. हार्ले अर्ल हा हॉलिवुडात वाढलेला, मोटारींचे सांगाडे बांधणाऱ्याचा मुलगा. १९२७ साली कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने ‘आर्ट अँड कलर’ हा विभाग काढला आणि तो त्याच्या हाती दिला. गाडीचा आकार आधी मातीत घडवायचा, हाताने चाचपायचा, खरवडायचा, पुन्हा लिंपायचा, ही रीत त्याने या धंद्यात रुजवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान जवळून पाहिलं, आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर एक लहानसा उंचवटा आला. त्यात डावीकडच्या दिव्याखाली पेट्रोलच्या टाकीचं झाकण लपवलेलं असे. दिवा वर उचलायचा आणि नळी लावायची. पुढे प्रतिस्पर्धी क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनर या रचनाकाराने १९५७ च्या गाड्यांना उंच, सडसडीत पंख दिले. त्या बाजारात येण्याआधीच, १९५६ च्या उन्हाळ्यात, जनरल मोटर्सचा रचनाकार चक जॉर्डन याला त्या क्रायस्लरच्या कुंपणापलीकडे उभ्या दिसल्या. त्यानंतर त्याच्या कंपनीने १९५९ साठी चाललेलं काम बाजूला सारून नव्याने मांडणी केली. पंख म्हणजे रॉकेटयुगाची नक्कल, असं अनेकदा लिहिलं जातं. स्पुटनिक आकाशात गेलं ते ऑक्टोबर १९५७ मध्ये; क्रायस्लरचे पंख त्याआधी सुमारे वर्षभर रस्त्यावर होते. मागणी रॉकेटाची नव्हती, वेगाची आणि मोकळ्या रस्त्याची होती. १९५६ सालीच ४१,००० मैल महामार्ग बांधण्याचा कायदा अमेरिकेत झाला होता. महायुद्ध संपलेल्या, हातात पैसा आलेल्या समाजाला आपण पुढे निघालो आहोत हे सांगायचं होतं, आणि मातीत हात घातलेल्या माणसांनी ते पत्र्यातून सांगितलं.

पहिला आक्षेप सौंदर्यशास्त्राचा. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अलंकाराला गुन्हा ठरवलं होतं. अमेरिकेत रेमंड लोवीसारख्या नामवंत रचनाकाराने पन्नासच्या दशकातल्या क्रोमने मढवलेल्या गाड्यांवर उघड टीका केली. ज्या भागाला काम नाही तो भाग नको, असा हा विचार आहे आणि त्याची ताकद मी नाकारत नाही. त्याच्यामुळेच आपल्याला स्वच्छ खुर्च्या आणि वाचता येणारी घड्याळं मिळाली. पण पैठणीच्या पदरावरचा मोर कुणाला ऊब देत नाही, म्हणून तो विणणाऱ्याचे दिवस वाया गेले असं आपण म्हणत नाही. वस्तूने काम करावं ही अपेक्षा रास्त आहे. तिने फक्त काम करावं, ही अपेक्षा माणसाच्या डोळ्यांवर अन्याय करते. खरी लाज वाटायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची. क्रायस्लरने आपल्या पंखांमुळे गाडी वाऱ्यात स्थिर राहते, अशी जाहिरात केली. रोजच्या वेगाला त्याचा म्हणण्यासारखा उपयोग नव्हता. सुंदर गोष्टीला उपयोगाचा खोटा दाखला जोडला की ती खोटी दिसू लागते. कॅडिलॅकचा तो उंच पंख पाहताना असा कुठलाही दाखला मागावासा वाटत नाही. त्याची चढण सलग आहे, त्यात कुठेही जोडकाम दिसत नाही, आणि एवढ्या अवजड गाडीला त्याने जमिनीवरून उचलल्यासारखं केलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पंख हे फसवणुकीचं साधन होतं, असं तो म्हणतो. दरवर्षी आकार बदलायचा, म्हणजे कालची चांगली गाडी आज जुनी दिसते आणि माणूस नवी घ्यायला धावतो. हे खरं आहे. अर्ल स्वतः हे धोरण लपवत नव्हता, आणि व्हॅन्स पॅकर्डने १९६० सालच्या ‘द वेस्ट मेकर्स’ या पुस्तकात त्यावर कडक हल्ला चढवला. पण मग या आरोपाची तपासणी करायची एक सरळ वाट आहे: पंख काढून टाकले तेव्हा काय झालं ते पाहायचं. १९५९ हा पंखांचा कळस. १९६० मध्ये ते उतरले, पुढे दरवर्षी खुजे होत गेले, १९६४ नंतर कॅडिलॅकवरून गेलेच. उधळपट्टी त्यांच्यात असती तर ती त्यांच्याबरोबर गेली असती. प्रत्यक्षात १९७५ ची बिनपंखी सेदान द व्हिल १९५९ च्या गाडीपेक्षा सुमारे सहा इंच लांब होती, वजनाने जास्त होती आणि तिच्या पोटात ६.४ ऐवजी ८.२ लिटरचं इंजिन होतं. तेही १९७३ च्या तेलसंकटानंतर. नव्या वर्षी नवा नमुना काढायची रीतही बंद पडली नाही. दिमाख गेला, हाव राहिली. साध्या, चौकोनी, गंभीर दिसणाऱ्या पत्र्याआड ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही एवढंच. माझ्या मते पंखांनी एका अर्थी समाजावर उपकारच केले होते: काय चाललं आहे हे ते सगळ्यांना दिसेल असं उभं करत होते.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान खाली घालावी लागते. राल्फ नेडरने १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ लिहिलं, त्यात उभ्या कॅडिलॅकच्या पंखावर सायकलसकट आदळून जीव गमावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. टोकदार पत्रा माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवणं ही चूक होती, आणि तिला सौंदर्याचा कसलाही बचाव चालणार नाही. पण याच पुस्तकात पट्टे नसलेल्या जागा, छातीत घुसणारे स्टिअरिंगचे दांडे, डोक्याला लागणारे डॅशबोर्ड यांचीही चर्चा आहे, आणि माणसं मोठ्या संख्येने मेली ती त्यांच्यामुळे. टोक गोल करता आलं असतं. पंख ठेवूनही ते करता आलं असतं. सुरक्षिततेवर पैसा खर्च करायचा नाही हा निर्णय मातीत काम करणाऱ्यांनी घेतला नव्हता. तो हिशेबाच्या टेबलावर झाला, आणि तिथे बसलेल्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. आठवतात फक्त पंख.

पंख आणि उधळेपणा ही जोडी अटळ नाही, याचा पुरावा आपल्या मुंबईत होता. अमेरिकेची हवा युरोपात पोचली तेव्हा इटलीच्या फियाटनेही आपल्या छोट्या ११०० गाडीच्या मागच्या मडगार्डला हलकीशी धार दिली. तीच गाडी कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून बनू लागली, आणि पुढे पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचं, म्हणजे त्या कॅडिलॅकच्या एक षष्ठांश. पेट्रोल जपून पिणारी, गल्लीबोळात वळणारी, मोडकीतोडकी झाली तरी नाक्यावरच्या मिस्त्रीकडून उभी राहणारी. काळ्या-पिवळ्या रंगात ती तीन पिढ्यांच्या कामाला आली, आणि दिव्यांच्या वरची ती लहानशी धार कुणाच्या खिशाला जड झाली नाही. या साध्या टॅक्सीकडे बोट दाखवून उधळेपणा कुणी म्हटलं नाही, कारण तिच्यात तो नव्हताच. पंख मात्र होते. तिचं उत्पादन शतक सरता सरता थांबलं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत नाही.