अठरा पुंगळ्या

अब्बांच्या इंतकालानंतर चाळिसावा झाला आणि दुकान रिकामे करायचे ठरले. तेल्हाऱ्याच्या बाजारातले ते एवढेसे दुकान. आमचे दादा कलईगर, अब्बाही कलईगर. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि कलईचा धंदा बसला. तरी अब्बांनी दुकान सोडले नाही. स्टोव्ह, कुकर, कंदील असे जे येईल ते दुरुस्त करीत ते बसून राहिले. आमच्या हाती मात्र सांडशीऐवजी खडू आला. बी. एड. झालो आणि उर्दू शाळेत मुलांना विज्ञान शिकवू लागलो.

जुन्या भात्याच्या मागे डालड्याचा एक गंजलेला डबा निघाला. वर नवसागराचे खडे होते, कथलाची अर्धी कांडी होती. तळाशी फडक्यात बांधलेल्या पितळेच्या पुंगळ्या होत्या. रायफलीच्या रिकाम्या काडतुसांच्या. मोजल्या तर अठरा भरल्या. प्रत्येकीच्या बुडाला पंचाने मारलेला एक ठिपका.

अम्मीने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "फेंक दे इसको. आजही रात को नदी में डाल दे."

अम्मीची भीती आम्हाला परकी नव्हती. मुसलमान मास्तरच्या घरात काडतुसे सापडली, एवढीच बातमी होईल. रिकामी होती, निकामी होती, पन्नास वर्षांपूर्वीची होती, हे सांगायला जागा उरणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात, हे आम्हाला ठाऊक होते. पण रात्रीच्या अंधारात नदीवर जाणे म्हणजे न केलेला गुन्हा कबूल करण्यासारखे वाटले. डबा आम्ही घरी आणला.

या पुंगळ्यांची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. प्रत्यक्ष पाहत होतो ते पहिल्यांदाच.

हिवरखेडच्या बाजूला एका पाटलांची शेती होती. सातपुड्याच्या पायथ्याची शेती म्हणजे रानडुकरे आणि रोही यांचे आयते ताट. ज्वारी हुरड्यावर आली की रात्रभर जागल. पाटलांजवळ परवान्याची एक रायफल होती, ७ मिमी माउजर. इंग्रज तिलाच .२७५ म्हणत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, ती याच मापाची. हत्यार नामी होते, पण स्वातंत्र्यानंतर विलायती काडतुसे मिळणे कठीण होत गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, पुढे भुसावळजवळ वरणगावलाही कारखाना झाला; पण हे कारखाने मुख्यतः सैन्यासाठी. एका पाटलाच्या जुन्या माउजरसाठी कोण काडतूस घडवणार?

पाटलांना कुठल्याशा शिकारी मित्राकडून ८ मिमी माउजरच्या चोवीस रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या. ही दोन काडतुसे म्हणजे सख्खे भाऊ. दोन्हींच्या पुंगळीची लांबी ५७ मिमी, बुडाचा व्यासही जवळपास सारखाच, बारा मिमीच्या घरात. फरक काय तो गळ्याचा. एकीच्या गळ्यात आठ मिमीची गोळी बसायची, दुसरीच्या सातची. पाटील पुंगळ्या घेऊन दादांकडे आले.

"मिस्त्री, एवढ्या पुंगळ्यायचे गळे बारीक करून द्या. डुकरं वावर साफ करून राह्यले."

ही १९७० च्या पावसाळ्यातली गोष्ट. दादा म्हणाले, "मालक, दारूले मी हात लावणार नाही. भांड्याचा गळा आवळायचा, एवढंच माझं काम." दादांची समजूत चुकीची होती. परवान्याशिवाय काडतूस घडवण्यात हात घालणे तेव्हाही गुन्हाच होता, आजही आहे. पण पाटलांना नाही म्हणणे सोपे नव्हते आणि पावसाळ्यात कलईचे काम मंदावलेले असे. घरात खाणारी तोंडे नऊ.

७ मिमीची एक खरी पुंगळी नमुना म्हणून घेऊन दादा अकोल्याला एका खराद्याकडे गेले. त्याच्याकडून पोलादाचा साचा करवून घेतला. पुंगळीला एरंडेल लावायचे, व्हाइसमध्ये धरून साच्यात हळूहळू दाबायची. पहिल्या सहा पुंगळ्या त्यांनी तशाच, थंड दाबल्या. गळे सुरेख आवळले गेले. दादांनी त्या नवसागराच्या बरणीशेजारी फळीवर मांडून ठेवल्या. बाहेर झड लागली होती.

चार दिवसांनी पाहतात तर चार पुंगळ्यांच्या गळ्याला उभ्या चिरा! कोणी हात लावला नव्हता. आठवड्याच्या आत उरलेल्या दोनही तडकल्या. शेजारचा म्हणाला, नजर लागली. दादांनाही काही सुचेना. पितळ आपोआप कसे फुटेल?

याचे उत्तर दादांना अखेरपर्यंत मिळाले नाही. आम्हाला ते सापडले पुष्कळ वर्षांनी, संमिश्रांच्या धड्याची तयारी करताना. संमिश्राला आमच्या उर्दू पुस्तकात 'भरत' म्हणतात. जस्त मात्र उर्दूतही जस्त आणि मराठीतही जस्तच. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते थंड असताना दाबले, ठोकले की कडक होते आणि आत ताण धरून बसते. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला याचा अनुभव फार पूर्वीच आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे जागच्या जागी तडकत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळेच्या पोटातला ताण, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पितळ फाटते. उपाय सोपा होता. पितळ बेताने तापवून आतला ताण काढून टाकायचा. दादांच्या दुकानात घोडा नव्हता, पण नवसागर होता. नवसागर तापला की त्यातूनही अमोनियाच सुटतो. नजर लागली होती ती नवसागराची!

कारण कळले नाही, तरी दादांच्या हाताला उपाय ठाऊक होता. परातीचा काठ ठोकताना ताठला की कारागीर तो तापवून घेतो, नाही तर काठ फाटतो. लोखंड लाल करून पाण्यात टाकले तर कडक होते. पितळ तापवून पाण्यात टाकले तरी नरमच राहते. उरलेल्या अठरा पुंगळ्यांचे गळे दादांनी आधी तापवून घ्यायचे ठरवले. पण इथे एक मेख होती. गळा नरम हवा आणि बूड कडकच राहायला हवे. गोळी सुटताना आत हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो आणि तो बुडाला पेलायचा असतो. बूड नरम पडले तर ते फाटेल आणि तापलेला वायू थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येईल. हा हिशेब दादांना येत नव्हता. पण ज्या भांड्यावर भार पडतो त्याचे बूड कच्चे ठेवायचे नसते, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

म्हणून बुडाला ओले फडके गुंडाळायचे, सांडशीत धरून नुसता गळा निखाऱ्याशी न्यायचा, भात्याची हलकी फुंकर द्यायची आणि रंग पालटला की लगेच पाण्यात. मग साचा. मग तोंड कानशीने सारखे करायचे आणि गळा आवळताना आत जाड झालेले पितळ घासून काढायचे. भात्यावर दुकानातला एक मुलगा असे, दहा-बारा वर्षांचा.

एके दिवशी असरच्या नमाजला जाताना दादांनी सांडशी त्या मुलाच्या हाती दिली. मुलाने दोन पुंगळ्या नीट तापवल्या. तिसरीच्या वेळी फडके सुकलेले त्याच्या लक्षात आले नाही. बघता बघता पुंगळी बुडापर्यंत लाल झाली. मुलगा घाबरला. त्याने ती पाण्यात टाकली, चिंच आणि राखेने घासून लख्ख केली आणि बाकीच्यांत मिसळून टाकली. पाहून कोणी ओळखले नसते. दादांनीही ओळखले नाही. त्यांनी अठराही पुंगळ्या साच्यातून काढल्या आणि पाटलांच्या वाड्यावर पोचवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा माणूस त्या भरून आणायला निघणार होता.

त्या रात्री मुलाला झोप लागेना. इशाची नमाज होऊन बराच वेळ झाल्यावर तो उठला आणि त्याने दादांना सगळे सांगितले. दादा काही बोलले नाहीत. कंदील घेतला, मुलाला बरोबर घेतले आणि चिखल तुडवीत वाड्यावर गेले.

"मालक, त्या पुंगळ्या वापस द्या. त्यातली एक कच्ची आहे. कोणती ते मले माहीत नाही."

पाटील वैतागले. "अठरातली एकच न? बाकीच्या तं चांगल्या आहेत."

"चांगल्या आहेत मालक. पण तुमच्या हाती पहिली तीच आली तं?"

पुंगळ्या परत आल्या. सकाळी दादांनी एकेक पुंगळी ऐरणीवर उलटी धरली आणि बुडावर पंच ठेवून हातोडीचा सारखाच ठोका दिला. सतरा ठिपके उथळ उमटले, एक खोल. दादांनी मुलाला जवळ बोलावले. "देख," एवढेच म्हणाले. हात उगारला नाही. पण बुडावर घाव बसलेल्या त्या सतराही आता त्यांनी पाटलांना दिल्या नाहीत. मजुरी गेली. साच्याचे पैसे खराद्याला हप्त्याहप्त्याने द्यावे लागले. पाटील कितीतरी दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काही काळाने पाटलांनी रायफल जमा करून टाकली.

अब्बा ही गोष्ट आम्हाला नेहमी सांगत. "एक लडका था दुकान पे," अशीच तिची सुरुवात असे. तो मुलगा कोण होता, पुढे त्याचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. त्या दिवशी डबा पुढ्यात घेऊन अम्मी म्हणाली, "वो लडका तेरे अब्बाही थे. शर्म के मारे नाम नहीं लेते थे."

आम्ही पुंगळ्या उजेडात धरून एकेक पाहिली. खोल ठिपक्याची पुंगळी सापडली. बोटाचे टोक त्यावर ठेवले आणि आम्हाला दुसरेच काही आठवले.

मागच्या फेब्रुवारीत दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचे गुण आम्ही भरले होते. बेचाळीस मुले. प्रयोगशाळेच्या खोलीत वर्ग भरत होता आणि साहित्य कपाटात कुलूपबंद होते. वर्षभरात जेमतेम तीन प्रयोग झाले असतील, तेही आम्ही केले आणि मुलांनी पाहिले. तरी सगळ्यांना जवळपास पूर्ण गुण दिले आणि खाली सही केली. सगळेच देतात, मुलांचे भले होते, असे मनाला समजावले. त्यातली एक हुशार मुलगी अकोटला अकरावी विज्ञानाला गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "सर, ब्युरेट कैसा पकडते मुझे मालूम नहीं था. सब हँसे."

आम्ही तिला काहीतरी सांगून परत पाठवले होते. त्या रात्री मात्र ती डोळ्यांपुढून हलेना. बाहेरून लख्ख घासलेली आणि बुडाशी कच्ची अशी बेचाळीस मुले आम्ही पुढे पाठवली होती. अब्बा दहा-बारा वर्षांचे असताना उठून बोलले. आम्ही पस्तिशी ओलांडली, तरी गप्प होतो. दादांना पुंगळ्या परत आणता आल्या. आमची सही आता परत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना आम्ही खरे ते सांगितले आणि कपाटाची किल्ली मागितली. ते रागावले, पण किल्ली दिली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन तास व्हरांड्यात टेबले मांडतो. पहिल्या रविवारी पितळेची आणि लोखंडाची पट्टी तापवून पाण्यात टाकली आणि मुलांकडूनच वाकवून घेतल्या. अकोटची ती मुलगीही सुट्टीत येते आणि धाकट्या मुलांना ब्युरेट धरायला शिकवते.

राहिला डब्याचा प्रश्न. आम्ही पाटलांच्या नातवाकडे गेलो. तो आमच्याच वयाचा, संत्र्याची बाग करतो. सगळे ऐकून म्हणाला, "सर, एकटे नका जाऊ. पुंगळ्या आमच्या आजोबाच्या व्हत्या. अर्जावर मी बी सही करतो."

दोघांच्या सहीचा अर्ज घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. अम्मी घरी तस्बीह घेऊन बसली होती. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, डबा टेबलावर उलटा केला आणि विचारले, "हे ठिपके कशाचे?"

आम्ही तोंड उघडण्याआधी नातूच सांगू लागला. ही गोष्ट त्यांच्या घरातही सांगितली जात होती, हे आम्हाला तेव्हा कळले. फक्त त्यांच्या गोष्टीत तो मुलगा नव्हताच. "आमचे आजोबा सांगत, मिस्त्री रातच्याला चिखलातून आला म्हणून माहे डोये शाबूत राह्यले."

साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कागद पुढे ओढून लिहू लागले. पितळी पुंगळ्या, जुन्या, निकामी, नग अठरा, प्रत्येकीच्या बुडाला ठिपका.

"एक ठिपका खोल आहे साहेब," आम्ही म्हणालो. "तेवढं लिहा."

त्यांनी पुंगळी हातात घेऊन पाहिली आणि लिहिले.