चिनी शेवया

भुसावळांत चायनीजच्या गाड्या आहेत हें मला ठाऊक होतें; परंतु वांग्याचें भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी यांच्या राज्यांत जन्म काढलेल्या जिभेला सीमोल्लंघनाचें कारणच पडलें नव्हतें. आमच्या आळींतच तसलें एक लहानसें दुकान निघालें, आणि कन्येनें "बाबा, एकदां चला तर खरें!" असा हट्ट धरला, तेव्हां आम्ही उभयतां तिच्यामागून निघालों.

चार मेजें, भिंतीवर लाल कागदी कंदील, आणि दाराशींच भडकलेली शेगडी. मोठ्या कढईंत कोबी, गाजर आणि उकडलेल्या शेवया क्षणार्धांत खालवर होत होत्या. बशी पुढें येतांच सौभाग्यवतींनीं एक घास घेऊन निकाल दिला, "अहो, शेवयाच कीं या! दूध-साखरेऐवजीं मिरची-लसूण, एवढेंच." निकाल यथार्थ होता. चीनमधील लाजिया येथें एका पालथ्या वाडग्याखालीं सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या शेवया सांपडल्या, आणि त्या राळ्यासारख्या भरड धान्याच्या होत्या, असें संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. आपला राळाच तो!

मग मंचूरियन आलें. मंचूरियांत त्याला कोणी ओळखणार नाहीं. १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लबांत नेल्सन वांग या कलकत्त्यांत जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानें तें सिद्ध केलें, असें सांगतात. आलें, लसूण, हिरवी मिरची हा सारा देशी संसार. गरम मसाल्याच्या जागीं मात्र सोया सॉस. शुद्धतेचे अभिमानी याला नकली म्हणतात. त्यांना मी इतकेंच विचारीन, कीं आपल्या भरतांतल्या मिरच्या आणि शेंगदाणे तरी कोठले? दोन्ही अमेरिका खंडांतून समुद्र ओलांडून आलेले. वांगें तेवढें घरचें!

परंतु पदार्थाला मिळणारा न्याय माणसाला मिळतोच असें नाहीं. शेजारच्या मेजावरून एक गृहस्थ आचाऱ्यावर ओरडले, "ए चिनी, जरा लौकर!" दोघेतिघे हंसले. आचारी हंसला नाहीं. पैसे देतांना मीं त्याला गांव विचारलें. "दार्जिलिंग, साहेब," तो हिंदींत म्हणाला. "घरीं नेपाळी बोलतों. चीन मीं कधीं पाहिलेला नाहीं."

मला १९६२ सालची आठवण झाली, अर्थात् वाचलेली. त्या युद्धानंतर या देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारें ३००० लोकांना, बायकामुलांसह, राजस्थानांतील देवळीच्या छावणींत कोंडण्यांत आलें. आपण माणसाचें गांव न विचारतां त्याच्या चेहऱ्यावरून देश ठरवितों, त्याची मजल कोठवर जाते तें त्या छावणीनें दाखविलें. हांक क्षुल्लक खरी. पण संशयाला पहिला शब्द तीच पुरविते.

आणि हें भुसावळांत घडावें! नागपूरची आणि इटारसीची वाट येथें फुटते; रेल्वेच्या वस्तींत निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा ऐकत आमची पिढी वाढली. निघतांना मीं त्या गृहस्थांना हलक्या आवाजांत म्हटलें, "ते दार्जिलिंगचे आहेत बरें का." "असें होय?" ते म्हणाले, आणि पाण्याचा पेला मागतांना त्यांनीं 'भाऊ' म्हटलें, हें मीं दारांतून ऐकलें.

आतां शनिवारीं आमची फेरी ठरलेली. "भाऊ, तीन बशा," कन्या सांगते. "तिखट कमी करूं का?" तो विचारतो. खानदेशी घराला याहून मोठा अपमान नाहीं. पण तेवढा परकेपणा आम्ही त्याला माफ केला आहे.