ऐब कुणाचा?

आम्ही वर्गात उर्दू शिकवतो आणि वर्गाबाहेर मराठीत व्यवहार करतो. त्यामुळे शब्दांची गंमत रोजच वाट्याला येते. उर्दूत ‘तक्रार’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणे, हुज्जत घालणे. मराठी माणूस ज्याला तक्रार म्हणतो, त्याला उर्दूत ‘शिकायत’ म्हणतात. अरबीतला मूळ अर्थही पुनरावृत्तीचाच. मोटारीच्या सीट कव्हरांपायी एका दुकानाच्या पायऱ्या झिजवल्यावर आमची खात्री पटली, की मराठीने हा शब्द अगदी योग्य जागी बसवला आहे.

आम्ही दोघा भावांनी मिळून जुनी गाडी घेतली ती अम्मीसाठी. लोअर परळहून केईएम हॉस्पिटल तसे दूर नाही, पण दुखऱ्या गुडघ्यांना जवळचे अंतरही लांब असते आणि टॅक्सीवाले एवढे जवळचे भाडे घ्यायला तयार नसतात. गाडीची आसने फाटलेली होती. ऑपेरा हाउसच्या आणि कुर्ल्याच्या बाजारात भाव काढले आणि शेवटी घरापासून जवळच्या एका दुकानात 18,500 रुपयांचा सेट बसवून घेतला. “नापा लेदर आहे, सर. पाच वर्षं बघायला नको,” दुकानदार म्हणाला. मास्तरकीची सवय म्हणून आम्ही पक्के बिल घेतले आणि त्यावर एक वर्षाची हमी लिहून घेतली.

पावसाळा सरता सरता चालकाच्या सीटची शिवण उसवली. मग कडेला पापुद्रे सुटू लागले. अम्मी उतरली की तिच्या बुरख्याला काळा भुगा चिकटलेला असायचा. नापा हे खरे तर मऊ अस्सल कातड्याचे नाव. पण सीट कव्हरांच्या बाजारात कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला मालही त्याच नावाने खपतो. उष्ण, दमट हवेत हा थर ओल धरतो, आतून कमजोर होतो आणि सोलून निघतो. आपले जुने रेक्झिन निराळे. ते पीव्हीसीचे असते, त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू निघून जातो आणि ते कडक होऊन तडकते. शिवणीचेही शास्त्र आहे. टाके फार जवळजवळ घातले तर सुईच्या भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते. जरा ताण आला की तिथूनच फाटते.

हे सारे दुकानदाराला सांगितले. तो म्हणाला, “सर, मुंबईची हवाच अशी.”

आम्ही म्हटले, “हवा मुंबईची, तसं दुकानही मुंबईचंच ना?”

भिंतीवर पाटी होती : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात मालाच्या दर्जातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आम्ही बिलाची प्रत, फोटो आणि एक पानी अर्ज दुकानदारासमोर ठेवला. ही आमची पाचवी फेरी होती.

त्याने अर्ज वाचला आणि आत हाक मारली. एक अठरा-वीस वर्षांचा मुलगा शिलाई मशीनवरून उठून आला. “हे यानं शिवलंय. याच्या पगारातून कापतो आणि तुम्हांला नवं करून देतो. झालं समाधान?”

मुलगा खाली मान घालून उभा राहिला. आम्हांला आमचे परदादा आठवले. 1930 च्या सुमारास ते इथल्याच एका गिरणीत साच्यावर होते. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत अशी रीत होती, की कापडात खोट निघाली तर तो तागा विणकराच्याच गळ्यात मारायचा आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची. सूत कच्चे होते का, साचा जुना होता का, हे कोण विचारणार? आमच्या घरी अशा खोटीच्या कापडाच्या चादरी वर्षानुवर्षे होत्या, असे दादी सांगत. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला मर्यादा घातली आणि दंडाआधी कामगाराचे म्हणणे ऐकणे सक्तीचे केले. 1982 च्या संपानंतर एकेक करून गिरण्याच गेल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले आली. ती जुनी रीत मात्र या दुकानात जिवंत होती.

आम्ही त्या मुलालाच विचारले, “बेटा, धागा कुणी आणला?”

“शेठनी.”

“आणि कापड?”

“तेही. जाड धागा मागितला होता मी. यालाच वापर म्हणाले.”

दुकानदार गप्प झाला. आम्ही म्हटले, “शेठ, ऐब शिवणाऱ्याचा नाही, खरेदीचा आहे. याचा पगार कापून केलेलं काम आम्हांला नको.”

सातव्या फेरीला पुढच्या दोन्ही सीट नव्याने तयार झाल्या. या वेळी रेक्झिन जाड होते, टाके लांब होते. त्या मुलाने एक गोष्ट आपणहून सांगितली : सीटच्या कुशीत एअरबॅग असलेली गाडी असेल तर त्या बाजूला कव्हर मोकळे ठेवावे लागते, नाहीतर पटकन फाटेल अशी कच्ची शिवण घालावी लागते. तिथे मजबूत शिवण हाच ऐब. इतके जाणणाऱ्या पोराच्या माथी सगळा दोष मारला जात होता.

बिलाच्या मागे आम्ही लिहून घेतले : “काम पुन्हा केले, खर्च दुकानाचा.” खाली सही आणि शिक्का. मागच्या सीटचे पापुद्रे तसेच आहेत, त्यांचे बोलणे अजून चालू आहे.

गेल्या शनिवारी आठव्यांदा गेलो. मुलगा मशीनवर होता. पगार कापला का, म्हणून हळूच विचारले. तो म्हणाला, “या महिन्याचा अजून हातात आलेला नाही, सर.”

पहिल्या तारखेनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत.