उत्तर कोणी द्यावयाचे?

हुबळी-धारवाड रस्त्यावरील उणकल येथे आमचे बिऱ्हाड दोन पिढ्यांपासून आहे. सकाळी तळ्याकाठी फेरी मारावी, चंद्रमौळेश्वराचे दर्शन घ्यावे आणि घरी येऊन ज्वारीची गरम भाकरी खावी, हा आम्हां उभयतांचा क्रम. त्या क्रमातून सौ. केव्हा मागे पडली, हे आम्हांला उमगलेच नाही. आधी फेरी सुटली, मग देऊळ. त्या देवळाला चारी दिशांना दारे आहेत. पण पायऱ्या चढणेच तिला जड होऊ लागले. पुढे भाकरीही सूनबाई थापू लागल्या.

निदान आमवाताचे झाले. डॉक्टर त्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वयोमानाने गुडघे झिजतात, तो विकार निराळा. यात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ऐन उमेदीतही हा रोग गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. औषध सुरू झाले. रक्ततपासणीतील ईएसआरचा आकडा आम्ही वहीत टिपू लागलो. आकडा उतरला की आम्ही निर्धास्त!

एकदा डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद पुढे ठेवला. कपडे स्वतः घालता येतात का? नळ उघडता येतो का? अडचण नसेल तर शून्य, मुळीच जमत नसेल तर तीन गुण. सौ.ने तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही म्हणालो, "सगळे करते ती."

डॉक्टर तिच्याकडेच पाहत राहिले. ती हळूच म्हणाली, "वेणी वर्षभर सूनबाई घालतात. नळ मी मनगटाने फिरवते. अहो, तुम्ही फेरीला जाता ना, तेव्हा बोटे सुटी होण्याची वाट पाहत मी पलंगावर बसलेली असते."

आम्ही खाली पाहिले.

ही प्रश्नावली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेम्स फ्राईज व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. तीत आठ गटांत वीस प्रश्न होते. मांस कापणे, टबात स्नान करणे, मोटारीचे दार उघडणे, हे तिकडचे जीवन. आपल्याकडे मांडी घालून वा उकिडवे बसता येते का, हे विचारावयास हवे. तसा प्रश्न असलेली भारतीय प्रश्नावली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केली. त्याआधी, १९९६ पासून, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवण गावी घरोघर सांधेदुखीची पाहणी करविली होती. तेथे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकास आमवात आढळला. म्हणजे असे घर प्रत्येक गावात असणारच.

आता आमच्या वहीत दुसरा रकाना आहे. तो सौ. सांगते तसा आम्ही भरतो. वेणी, नळ, कडी, हळदीकुंकवाला मांडी घालून बसणे. गेल्या महिन्यात ईएसआर उतरला होता, पण कडीपुढे तिने तीन लिहावयास सांगितले. डॉक्टरांनी दोन्ही रकाने वाचले, तिची बोटे पुन्हा तपासली आणि औषध बदलले.

वाचकहो, आपल्या घरी कोणी असे दुखणे सोशीत असेल, तर डॉक्टरांपुढे त्यांचे उत्तर आपण देऊ नये, एवढेच सांगणे.