प्रिमरोझ आणि रेडिएटर

शनिवार सकाळ. बाहेर ४ डिग्री, हातात आल्याचा चहा आणि मागच्या दारातल्या कुंडीत एक फूल! फिकट पिवळं, गाईच्या तुपाच्या रंगाचं. फूल एकच आहे, पण त्याच्यामागे दोन वर्षं गेलीत. त्यामुळे आज कौतुक ऐकून घ्यावं लागेल.

मी नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडात रेडिंगला ऑनसाईट आलो. दुपारी चारला अंधार पडायचा, आणि आपण इथे नक्की कशासाठी आलोय हा प्रश्न रोज साडेचारला पडायचा. फेब्रुवारीत शेजारच्या आजींच्या कुंपणाखाली पालापाचोळ्यातून ही फुलं वर आलेली दिसली. झाडांना पान नाही, आभाळ करडं, आणि खाली हा रंग. "प्रिमरोझ," आजी म्हणाल्या. नर्सरीत तयार रोप मिळतं म्हणा, पण मी पडलो इंजिनिअर. सगळं स्क्रॅचपासून करायची खोड.

बियांचं पाकीट आणलं. सांगलीला आई वाफ्यात मेथी लावते तशी बी मातीखाली दाबली, आणि कुंडी स्वयंपाकघरात रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवली. ऊब मिळाली की बी उगवणारच, हे आपलं गृहीतक. सहा आठवडे पाणी घातलं. आउटपुट शून्य.

आजींना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी रिक्वायरमेंटच उलटी वाचली होती. या बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून त्या मातीवर नुसत्या पसरायच्या. आणि तापमान २० डिग्रीच्या वर गेलं की त्या उगवायचं नाव घेत नाहीत. वाळलेली बी तर गाढ झोपलेली असते, तिला आधी थंडी खावी लागते. म्हणजे ज्या हिवाळ्याला मी चार महिने शिव्या घालत होतो, तोच तिला हवा होता.

जूनमध्ये आजींच्या रोपांची बोंडं पिकली. ती मुंग्यांच्या आधी गाठावी लागतात. बीला चिकटून एक तेलकट खाऊ असतो, त्यासाठी मुंग्या बिया पळवतात. आम्ही दोघांनी मिळून चमचाभर बी वाचवली. नोव्हेंबरात पसरट ट्रेमध्ये ती पेरली, वर झाकण घातलं आणि ट्रे बाहेर उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवला.

जानेवारी २०२५ मध्ये बाबांची बायपास झाली. आमचं रिलीज होतं. बाबा ऑपरेशन थिएटरमध्ये होते तेव्हा मी कॉन्फरन्स कॉलवर होतो. चौथ्या दिवशी पोचलो, दहा दिवस राहिलो. बाबा काहीच बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

परत आलो तर ट्रेमधली माती दगडासारखी गोठलेली. उचलून घरात आणणार होतो, आजी कुंपणावरून ओरडल्या, "अजिबात हात लावू नकोस!" मार्चमध्ये हिरवे ठिपके दिसले. मोजले, २३ होते! उन्हाळ्यात सावलीत ठेवून जपले, तरी नऊ रोपं गोगलगायींनी खाल्ली. १४ उरली.

तोपर्यंत बाबांचं नि माझं बोलणं "औषधं घेतली का?" "घेतली." इथेच संपायचं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना मागे कुंड्या दिसल्या. "कोबी लावलायस का काय?" पानं तशी सुरकुतलेलीच असतात. मग दर रविवारी रोपांची हजेरी सुरू झाली. "एवढा खटाटोप कशाला? रस्त्याकडेचं एक उपटून आणायचं." म्हटलं, इथे १९८१ चा कायदा आहे, जागामालकाच्या परवानगीशिवाय रानटी रोप उपटता येत नाही. यावर ते इतके हसले की आईने फोन काढून घेतला. टाके आठवले असणार तिला.

तर आज पहिलं फूल. बाबांना कॅमेऱ्यात जवळून दाखवलं. प्रिमरोझमध्ये दोन प्रकारची रोपं असतात. एकाच्या फुलात मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा ठिपका दिसतो, दुसऱ्याच्या फुलात तिथे परागकोश. डार्विनने १८६२ मध्ये यावर निबंध लिहिला होता. एका प्रकारचे पराग दुसऱ्यावर गेले तर बी चांगली धरते. माझं टाचणीवालं निघालं. म्हणजे बी हवी असेल तर आसपास दुसऱ्या प्रकारचं रोप लागणार, आणि ते कुंपणापलीकडे आजींकडे आहेच.

बी मात्र मी बघणार नाही. मॅनेजरने आणखी दोन वर्षांचं एक्स्टेन्शन विचारलं होतं, मी नको म्हटलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचं ऑफिस. तिथून सांगली रात्रीच्या गाडीने गाठता येते. १४ कुंड्या आजींकडे जाणार.

बाबांनी विचारलं, "एखादं इकडे आणता येईल का?"

"नाही हो बाबा. सांगलीचा एप्रिल त्याला दोन दिवस सोसायचा नाही."

"मग राहू दे तिथंच," बाबा म्हणाले. "तू ये."