खाडीपार जाताना पाठ मोकळी असू द्या

अलिबागहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा मार्ग नकाशावर फार सौम्य दिसतो. समुद्राकाठचा रस्ता, म्हणजे सपाट असणार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड. खाडी ओलांडली की रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीसाठी तितकाच खाली उतरतो. सायकलस्वाराची कसोटी लागते ती या चढ-उतारांवर आणि धक्क्याच्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावर.

साठी ओलांडलेल्यांनी हा प्रवास करू नये, असे मला मुळीच वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, घरगुती निवासात मुक्काम करीत तो अनेकांना जमण्यासारखा आहे. निवृत्त मंडळी प्रकृतीची तपासणी करून घ्यायला येतात; मागोमाग मुलांचा फोन येतो, "डॉक्टर, तुम्हीच त्यांना नाही म्हणा." रक्तदाब, साखर, हृदय, गुडघे यांची तपासणी तर होतेच. त्यानंतर मी विचारतो, "सामान कशात नेणार?" उत्तर बहुधा ठरलेले असते: पाठीवरच्या सॅकमध्ये.

वाचकहो, माझा आक्षेप नेमका येथे आहे. सायकलवर आपण थोडे पुढे वाकलेले असतो. पाठीवर पाच-सहा किलो चढवले की तो भार खांदे, मान, तळहात आणि बैठक यांवर वाटला जातो. तळहाताच्या कडेची नस दबून करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांचे दुखणे बळावते. पाठ झाकली गेल्याने तेथील घाम वाळत नाही आणि कोकणच्या दमट हवेत शरीर निवायला आधीच वेळ लागतो. म्हणून भार सायकलने वाहावा, शरीराने नव्हे.

त्यासाठी मागील चाकावर भक्कम कॅरिअर हवे. सायकलच्या सांगाड्याला, मागच्या आसाजवळ, बोल्ट बसवण्याची छिद्रे आहेत का हे आधी पाहावे. केवळ सीटखालच्या दांड्याला आवळून बसवायचे कॅरिअर हलक्या सामानापुरते ठीक. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते बाजूला फिरू शकते. अॅल्युमिनिअमचे कॅरिअर वजनाला हलके असते, पण मोडले तर लहान गावात जोडून मिळणे कठीण. लोखंडी किंवा पोलादी कॅरिअरला वेल्डिंग करणारा बहुतेक बाजारपेठांत सापडतो. माझा कल पोलादाकडे आहे. धक्क्यांनी बोल्ट सैल होतात, म्हणून रोज सकाळी ते तपासावेत.

पिशव्या निवडताना ज्येष्ठांनी एक गोष्ट विशेष पाहावी, आणि ती दुकानदार सहसा सांगत नाही. कॅरिअरच्या माथ्यावर बोचके बांधले, की सायकलवर बसण्यासाठी पाय मागून फिरवताना तो त्यावरून न्यावा लागतो. ज्यांचा खुब्याचा सांधा आखडलेला आहे, ज्यांचा तोल किंचित डळमळतो, त्यांच्यासाठी पडण्याचा धोका चालवण्यापेक्षा या चढण्या-उतरण्यात अधिक. म्हणून माथा मोकळा ठेवावा आणि दोन्ही अंगांना लटकणाऱ्या, वजनाने सारख्या अशा दोन पिशव्या घ्याव्यात. त्यांना पॅनिअर म्हणतात. जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. पेडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना, हे दुकानातच बसून पाहावे. लागत असेल तर पिशवी थोडी मागे सरकवून अडकवावी. मधला दांडा खाली असलेली सायकल मिळाली तर उत्तमच. (तिला 'लेडीज सायकल' म्हणून नाक मुरडणारे आजोबा मला ठाऊक आहेत, खुब्याचे हाड मोडल्यावर हा अभिमान फार महाग पडतो.)

पिशवी एका हाताने काढता यावी आणि तिला मूठ असावी. फेरीबोटीच्या उतारावर सायकल ढकलताना, किंवा निवासाच्या पायऱ्या चढताना, भरलेली सायकल उचलण्याचा प्रसंगच येऊ नये. उभी सायकल कलंडू लागली तर तिला पडू द्यावे. झेप घेऊन सावरण्याच्या नादात कंबर धरते. तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी खारे तुषार आणि दव दोन्हींपासून सामान राखते. मुक्कामाची सोय असल्याने तंबू, भांडी लागत नाहीत. आठ किलोंत सारे बसते.

औषधे मात्र मागे ठेवू नयेत. हँडलवरच्या लहान पिशवीत दोन दिवसांच्या गोळ्या, पाणी, साखर किंवा ग्लुकोज, औषधांची यादी आणि नातेवाइकांचा क्रमांक असावा. उरलेला साठा सोबत्याच्या सामानात. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी ती सदऱ्याच्या खिशातच ठेवावी. इन्सुलिनला उन्हात तापलेली काळी पिशवी अजिबात सोसत नाही, आणि त्याला थेट बर्फाचा स्पर्शही नको. ते उष्णतारोधक पाकिटात ठेवून शक्यतो सावलीत न्यावे. व्यायामाने साखर उतरते, म्हणून मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

काळजी घेणाऱ्या मुलासुनांना एक काम सांगतो. निघण्यापूर्वी पंधरा दिवस पिशव्या पूर्ण भरा, घरच्या वजनकाट्यावर तोला आणि तशाच भरलेल्या सायकलवर आई-बाबांना सलग दोन सकाळी दहा-दहा किलोमीटर जाऊ द्या. जवळपासचा एखादा चढ त्यात असावा. तेथे उतरून सायकल हाताने ढकलायला लावा, आणि वर पोहोचल्यावर पुन्हा चढून बसताना पाय सहज फिरतो का, ते बाजूला उभे राहून पाहा. अडखळला, तर आधी सामान कमी करा. मग सीट थोडी खाली घेऊन पुन्हा तीच सकाळ करा.