कुद्रेमुखला जाताय? परतीची वेळ आधी ठरवा

डोंगरावर एक दिवस घालवायचा, तर डबा बांधून निघाले की झाले, असे आपल्याला वाटते. कर्नाटकातल्या कुद्रेमुखने आमचा हा समज पार बदलला.

कुद्रेमुख म्हणजे घोड्याचे तोंड. उंची सुमारे १,८९० मीटर. कळसा गावाकडून जीपने मुल्लोडीला पोचायचे आणि तिथून जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटर चालायचे. वनखात्याचा परवाना आधीच काढावा लागतो. माथ्यावर मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून पहाटेच निघावे.

इथे दऱ्यांच्या कुशीत ओल टिकते, तिथेच घनदाट रान आहे. वाऱ्याच्या तोंडी असलेल्या उतारांवर नुसते गवत. रानात सावली आणि झरे असतात, पावसाळ्यात जळवाही. गवताळ भागात मात्र ना सावली, ना आडोसा. टोपी, रेनकोट आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी हवेच.

आम्ही दुपारी एकला परतायचे ठरवले होते. एक वाजला, तेव्हा माथा समोर दिसत होता.

"बाबा, एवढासाच तर राहिलाय!" दहा वर्षांचा मुलगा हट्टाला पेटला. माझाही पाय निघेना.

"माथा कुठे पळून जात नाही," सौ. म्हणाली.

आम्ही फिरलो. तासाभरात धुके असे उतरले, की गवतातली पायवाट दिसेना. वाटाड्या सोबत होता म्हणून निभावले. जीपपाशी पोचलो, तेव्हा दिवेलागण झाली होती.

तेव्हा परतीची वेळ घरीच ठरवा. माथा समोर दिसू लागला, की ती ठरवता येत नाही.